फ्रेम दोनशे बारा

फुटेजच्या कोपऱ्यात वेळ आहे : बारा चाळीस.
शारजा, धैदच्या रस्त्यालगतचा मोकळा प्लॉट,
जूनचा शेवटचा आठवडा.
कॅमेरा तिकाटण्यावर, हलत नाही,
माझ्या नशिबाने एवढं तरी.

मधोमध एक टिपर उभा
आणि टिपरखाली पाच माणसं.
सूर्य इतका डोक्यावर की विजेच्या खांबाची सावली
खांबाच्याच बुंध्याशी मुटकुळं करून बसलेली.
दुसरीकडे कुठे जाणार, चाकांच्या मध्ये शिरलीत.
एकाच्या उशाला चपला,
एकाच्या तोंडावर लाल चौकड्यांचा रुमाल,
एकजण छातीवर फोन उभा धरून
कुणाकडे तरी बघून हसतोय.

मला इथे बेचाळीस मजले उभे करायचेत.
मजले आयते आलेत, काचांसकट.
माझं काम फक्त त्यांची सावली जमिनीवर बसवायचं.
ती बसली तर इमारत उभी राहते,
नाहीतर पाकिटावरच्या तिकिटासारखी नुसती चिकटते.

हे मला वर्गीसच्या आधी बाबांनी शिकवलं,
मिरजेत, स्टेशन रोडला, पाट्या रंगवताना.
'ऊन कुठून येतंय ते आधी ठरव,
मग दुकानाचं नाव.'
त्यांचं ऊन कायम डाव्या खांद्यावरून यायचं,
सोनाराला, सायकलवाल्याला, दातांच्या डॉक्टरला, सगळ्यांना तेच.
फक्त निधनाच्या फलकावर
ते अक्षरांना सावली देत नसत.
का, ते विचारायचं राहिलं.

काळा रंग मी घेतच नाही.
वाळूवरची सावली काळी नसते,
वरून आभाळ तिच्यात निळं ओततं,
बाजूची वाळू तांबूस उजेड परत फेकते,
आणि हवेत धूळ असली, ती असतेच,
की गडदातलं गडदही जरा गढूळ होतं.
पायथ्याशी कड कापल्यासारखी,
पुढे पुढे विरत गेलेली.
सगळं केलं. बसली.
बारा चाळीसला बसते तशीच बसली,
एका बसच्या लांबीची, तेवढीच.

क्लायंट म्हणाले,
बेचाळीस मजल्यांची एवढीशी सावली?
लांब करा. प्लॉट ओलांडू दे.
तो टिपर काढा.
माणसं असू द्या, माणसांमुळे उंची कळते,
शिवाय आमच्या इमारतीच्या सावलीत विसावलेली,
छान दिसतं ते.

मग मी दुपारच्या आभाळात
संध्याकाळी पाचचा सूर्य टांगला.
टिपर पुसला,
शेजारची वाळू उचलून चाकांच्या जागी ठिगळं लावली.
नवी सावली ओढायच्या आधी
क्षणभर ती पाच माणसं दिसली
कुणाचीच नसलेल्या सावलीत.

बेचाळीस मजले त्यांच्यावरून नेले.
कड जुळली. रंगही.
पण फ्रेम दोनशे बारा :
रुमालवाला झोपेतच उजवा पाय आत ओढतो.
घोट्यापर्यंत टिपरच्या बाहेर होता तो,
उन्हात.
आता तिथे सावलीच सावली, मी पसरलेली,
आणि तो पाय काढून घेतोय
कशापासून तरी.

वर्गीसने तीनदा मागेपुढे करून पाहिलं.
'हा पाय का हलतो?'
म्हटलं, चटका बसला.
'गोठवून टाक ना, दहा मिनिटांचं काम,'
म्हणाला, आणि कप घेऊन चहा भरायला गेला.

एसी अठरावर असतो, मी शाल घेऊन बसते.
दहा मिनिटं गेली.
मग आणखी दहा.

रात्री रेंडर लावून निघाले.
पाय तसाच ठेवलाय.
बसथांब्यावर एक दिवा जुना, नारिंगी,
एक नवा, पांढरा,
मला दोन सावल्या पडल्या होत्या,
एक निळसर, एक पिकल्या पानासारखी.
बस येईस्तोवर पाहत राहिले.
जुळवत बसले नाही.